टीसीपी/आयपी स्टॅक निवडताना आधी सांधा पाहावा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर दर रविवारी आम्ही पाच-सहा जण जमतो आणि गेली काही वर्षे एक छोटी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत. आमच्यातले दोघे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत शिकतात, जिला जुन्या माणसांच्या तोंडी अजून कलाभवनच म्हणतात, बाकीचे नोकरदार. कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आमचा, शेड्युलर आमचा, फाइल सिस्टीमही बरीचशी आमची. पण नेटवर्कची वेळ आली तेव्हा ‘हे तयार मिळते, तेच घेऊ’ असे एकमताने ठरले, आणि सर्वांत लहान म्हणून जो टीसीपी/आयपी स्टॅक, म्हणजे इंटरनेटच्या नियमांनी पॅकेट पाठवणारा-घेणारा कोड, हाती लागला तो आम्ही उचलला. तीन आठवड्यांत पिंगला (यंत्र जागे आहे का असे विचारणाऱ्या पॅकेटला) उत्तर आले आणि त्या आनंदात खाली जाऊन सेव-उसळही खाऊन झाली. चौथ्या आठवड्यात तीन मेगाबाइटची एक फाइल शेजारच्या संगणकावर पाठवून पाहिली, तर एकाच स्विचला जोडलेल्या दोन यंत्रांमध्ये तिला जवळजवळ सात मिनिटे लागली. केबल ठीक होती, कार्ड ठीक होते, ड्रायव्हरही ठीक होता. चूक निवडीत होती, आणि ती निस्तरायला पुढे चार महिने गेले.

जे तयार लिनक्स किंवा फ्रीबीएसडी वापरतात त्यांच्यापुढे हा प्रश्न येत नाही, कारण तिथे स्टॅक कर्नेलबरोबरच वाढलेला असतो. परंतु स्वतःचा कर्नेल लिहिणाऱ्यांना, मायक्रोकर्नेलवर नेटवर्कची सेवा उभी करणाऱ्यांना किंवा एखाद्या सिस्टीमचा जुनाट स्टॅक बदलू पाहणाऱ्यांना तो टाळता येत नाही. नियमावली सर्वांना एकच आहे. आयपी आणि टीसीपी यांची मूळ वर्णने, म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ७९१ आणि ७९३, सप्टेंबर १९८१ मधली आहेत. प्रत्येक यंत्राने निदान काय करावे हे सांगणारी आरएफसी ११२२ ऑक्टोबर १९८९ मधली. आणि टीसीपीतल्या चाळीस वर्षांच्या दुरुस्त्या एकत्र करून ७९३ ची जागा घेणारी आरएफसी ९२९३ ऑगस्ट २०२२ मधली. असे असूनही अंमलबजावण्या डझनावारी आहेत, कारण ही नियमावली मुख्यतः तारेवर काय दिसावे आणि पलीकडच्याशी कसे वागावे तेवढेच सांगते. मेमरी कोणी द्यायची, कोणत्या थ्रेडने (कामाच्या धाग्याने) धावायचे, वेळ कोणाच्या घड्याळावर मोजायची, याबद्दल ती जवळजवळ गप्प असते. नळाच्या कामात गळती बहुधा नळीला नसते, सांध्याला असते. इथेही तसेच आहे, आणि म्हणून वैशिष्ट्यांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करण्याआधी सांधे, म्हणजे स्टॅक आणि आपला कर्नेल जिथे जुळतात त्या जागा, तपासावेत.

सात मिनिटांचा हिशेब

आम्ही घेतलेला स्टॅक होता यूआयपी. ॲडम डंकेल्स यांनी तो आठ-बिटी मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिला. काही किलोबाइट कोड आणि काहीशे बाइट रॅम एवढ्यात तो मावतो. हे साधण्यासाठी त्यात दोन गोष्टींवर पाणी सोडलेले आहे. पॅकेटसाठी साऱ्या स्टॅकला मिळून एकच बफर असतो, आणि एका जोडणीवर पोच न आलेला सेगमेंट (टीसीपी पाठवतो तो डेटाचा तुकडा) एका वेळी एकच असू शकतो. सेगमेंट हरवला तर त्यातला मजकूरही स्टॅकजवळ शिल्लक नसतो. तो ॲप्लिकेशनने पुन्हा तयार करून द्यावा लागतो.

पलीकडे होता नेहमीचा डेस्कटॉप. आरएफसी ११२२ त्याला अशी मुभा देते की प्रत्येक सेगमेंटची पोच तत्काळ न देता थोडी राखून ठेवावी. मात्र ती अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळात द्यावी, आणि पूर्ण आकाराचे सेगमेंट ओळीने येत असतील तर निदान दर दुसऱ्याला द्यावी. डेस्कटॉप दुसऱ्या सेगमेंटची वाट पाहत होता आणि आमचा स्टॅक पहिल्याच्या पोचेची. ‘आधी आपण, आधी आपण’ असा हा प्रकार प्रत्येक वेळी २०० मिलिसेकंद चालायचा, मग डेस्कटॉपचा टायमर संपायचा आणि पोच यायची. सेकंदाला पाच सेगमेंट, प्रत्येकात १४६० बाइट, म्हणजे सेकंदाला ७३०० बाइट. तीस लाख बाइटना ४११ सेकंद. वायरशार्क हे पॅकेट टिपून दाखवणारे साधन उघडून वेळेच्या रकान्याकडे पाहिले तेव्हा ओळीमागून ओळ ०.२, ०.२ असेच अंतर दिसत होते, आणि त्यानंतर कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

यात यूआयपीला बोल लावण्यासारखे काहीही नाही. तो ज्या यंत्रासाठी बनला त्या यंत्रावर तो चोख आहे. आमच्या यंत्रात रॅम ५१२ मेगाबाइट होती आणि तरीही आम्ही काटकसरीचा स्टॅक घेतला, एवढेच.

यंत्राचे आणि कामाचे वर्णन कागदावर लिहावे

हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि नेमके म्हणूनच ते राहून जाते. रॅम किती, कोर किती, एमएमयू (मेमरीच्या पत्त्यांचे भाषांतर करणारा भाग) आहे की नाही. एका वेळी किती जोडण्या अपेक्षित आहेत. यंत्र मुख्यतः मागणारे असेल की देणारे. आणि समोरचे यंत्र त्याच खोलीत असेल की दुसऱ्या शहरात. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो, कारण टीसीपीचा वेग जास्तीत जास्त किती असू शकतो हे विंडोचा (पोच न येता वाटेत असू शकणाऱ्या डेटाचा) आकार भागिले जाऊन-येऊन लागणारा वेळ यावरून ठरते. एलडब्ल्यूआयपी या लोकप्रिय स्टॅकमध्ये, ज्याच्याकडे पुढे आम्ही वळलो, सेगमेंटचा मूळ आकार ५३६ बाइट आणि येणाऱ्या डेटाची विंडो त्याच्या चौपट, म्हणजे २१४४ बाइट असते. जाण्या-येण्याला ४० मिलिसेकंद लागतात असे धरले तर त्या विंडोतून सेकंदाला सुमारे ५३ हजार बाइटच येऊ शकतात, मग घरात फायबर कितीही मोठ्या वेगाची असो. विंडो ६५,५३५ बाइटपर्यंत वाढवली तर साधारण १३ मेगाबिट मिळतात. १०० मेगाबिट हवे असतील तर पाच लाख बाइटची विंडो लागते, आणि टीसीपीच्या शीर्षकात (पॅकेटच्या आरंभीच्या माहितीत) विंडोसाठी १६ बिटांचीच जागा असल्यामुळे तिथे आरएफसी ७३२३ मधले विंडो स्केलिंग अनिवार्य होते. एलडब्ल्यूआयपीत ते आहे, पण मुळात बंद असते. एखादा स्टॅक मंद आहे असा शेरा मारण्याआधी त्याच्या मूळ सेटिंगांचा असा गुणाकार-भागाकार करून पाहावा. निम्मे शेरे तिथेच गळून पडतात.

आयपीव्ही६ (लांब पत्त्यांची नवी आयपी) हवे का, हा प्रश्न आता प्रश्न म्हणून विचारूच नये. भारतातली निम्म्याहून अधिक इंटरनेट रहदारी ते वापरण्यास सक्षम आहे, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की यंत्राला बहुधा तो पत्ता मिळतोच. एलडब्ल्यूआयपीमध्ये हेही मुळात बंद असते आणि सुरू करावे लागते.

सांधे

पहिला सांधा थ्रेडचा. एलडब्ल्यूआयपीचा गाभा एका वेळी एकाच थ्रेडने चालवायचा असतो. बाकीचे थ्रेड मेलबॉक्समधून त्याला निरोप पाठवतात किंवा एक मोठे लॉक घेऊन आत शिरतात. फ्रीबीएसडीच्या स्टॅकमध्ये याच्या उलट, बारीक-बारीक लॉक पसरलेली असतात आणि ती आपल्या कर्नेलमध्ये त्याच अर्थाने उपलब्ध असावी लागतात. रस्ट या भाषेत लिहिलेला स्मॉलटीसीपी तिसऱ्याच वळणाचा आहे. तो स्वतःहून काहीच करत नाही. त्याला वेळोवेळी ‘पोल’ करायचे, आणि पुन्हा कधी विचारायला यावे ते तो सांगतो. कर्नेल एकाच कोरचा आणि साधा असेल तर तिसरा प्रकार फार सुखाचा आहे. अनेक कोरवर गिगाबिटचे काम करायचे असेल तर मात्र एका थ्रेडच्या गाभ्याची मर्यादा कधी ना कधी आडवी येते.

या सांध्यावर आम्ही एकदा चांगलेच घसरलो. पॅकेट आले की इंटरप्ट हँडलरमधून (कार्डाने हाक दिली की चालणाऱ्या कोडमधून) थेट स्टॅकचे फंक्शन बोलवावे, म्हणजे एक फेरा वाचेल, अशी आमची हुशारी होती. अर्धा तास सगळे सुरळीत चालायचे आणि मग कुठल्याशा भलत्याच यादीतला पॉइंटर बिघडून यंत्र कोसळायचे. एलडब्ल्यूआयपीच्या २.१ या आवृत्तीपासून गाभ्याचे लॉक हाती आहे का हे तपासणारी सोय आहे. ती सुरू करताच पहिल्याच पॅकेटला यंत्राने चूक दाखवून दिली. पोर्टिंगच्या, म्हणजे स्टॅक आपल्या कर्नेलवर बसवण्याच्या, पहिल्या दिवशी ही सोय सुरू करावी आणि शेवटपर्यंत बंद करू नये.

दुसरा सांधा मेमरीचा. प्रत्येक स्टॅकची पॅकेट ठेवण्याची आपली पद्धत असते: बीएसडीकडे एमबफ, लिनक्सकडे एसकेबफ, एलडब्ल्यूआयपीकडे पीबफ. फ्रीबीएसडीचा एमबफ २५६ बाइटचा असतो आणि मोठ्या मजकुरासाठी त्याला २०४८ बाइटचे क्लस्टर जोडतात. पीबफचीही साखळी होऊ शकते. आपले कार्ड डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट वाचण्या-लिहिण्यासाठी) सलग तुकडा मागते की अनेक तुकड्यांची यादी घेते हे पाहून ठरवावे की साखळी तशीच देता येईल की प्रत्येक वेळी नक्कल करावी लागेल. छोट्या सिस्टीममध्ये एक नक्कल परवडते. ती वाचवण्यापायी कोणाची मेमरी कोणी सोडायची याचा गुंता होतो, आणि तो गुंता नकलेपेक्षा कितीतरी महाग पडतो असा आमचा अनुभव आहे. याच सांध्यावरची एक बारीक गोष्ट म्हणजे इथरनेटचे शीर्षक १४ बाइटचे असते. बफर चारच्या पटीत सुरू झाला तर त्यामागून येणारे आयपीचे शीर्षक चारच्या पटीत येत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर हे खपून जाते, पण काही आर्म आणि मिप्स प्रोसेसरवर तिथेच अपवाद उठतो, म्हणजे प्रोसेसर काम थांबवून चूक कळवतो. यावर उपाय म्हणून बफरच्या आरंभी दोन बाइट मोकळे सोडण्याची सोय स्टॅकमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये दोन्हीकडे आहे का, ते पाहावे.

तिसरा सांधा घड्याळाचा, आणि सर्वांत कमी लक्ष याच्याकडे जाते. एलडब्ल्यूआयपीला मिलिसेकंद सांगणारे ३२ बिटांचे एक फंक्शन द्यावे लागते. असा आकडा ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि स्टॅकला ते ठाऊक असते. वजाबाकी त्या वळणावरही बरोबर येते. आम्ही मात्र कर्नेलचा ३२ बिटांचा मायक्रोसेकंदांचा आकडा घेऊन त्याला हजाराने भागून दिला. तो आकडा ७१ मिनिटे ३५ सेकंदांनी भरतो, आणि भागाकार केल्यामुळे स्टॅकला दिसणारी वेळ ४२ लाख ९४ हजारांवरून एकदम शून्यावर उडी मारते. परिणामी दर सव्वा तासाच्या आसपास नेटवर्क गोठायचे. कोणी म्हणे कार्ड तापते, कोणी म्हणे राउटर बिघडला. एकाने वहीत गोठण्याच्या वेळा लिहून काढल्या तेव्हा कुठे ७१ हा आकडा डोळ्यांपुढे आला. पोर्ट करताना घड्याळ मुद्दाम शेवटच्या मिनिटाजवळ लावून सुरू करावे, म्हणजे वळण लगेच येते आणि सव्वा तास थांबावे लागत नाही.

घड्याळाशेजारीच यादृच्छिक आकड्यांचा सांधा आहे. जोडणी सुरू होताना टीसीपी जो पहिला अनुक्रमांक निवडतो तो बाहेरच्याला ओळखता येऊ नये, म्हणून आरएफसी ६५२८ एक रीत सांगते. एलडब्ल्यूआयपीमध्ये आपण ती रीत जोडली नाही, तर तो ६५१० या ठरावीक आकड्यापासून सुरू करून टायमरच्या ठोक्यांनी पुढे सरकतो. प्रयोगशाळेत हे चालेल, बाहेरच्या जगात चालणार नाही. आपल्या कर्नेलमध्ये यादृच्छिकतेचा भरवशाचा स्रोत नसेल तर स्टॅक निवडण्याआधी तो तयार करावा; कोणताही स्टॅक ही उणीव आपोआप भरून काढत नाही.

चौथा सांधा वरच्या बाजूचा, म्हणजे ज्यातून प्रोग्राम नेटवर्कशी बोलतात त्या सॉकेटचा. १९८३ मध्ये ४.२बीएसडीबरोबर आलेली ही पद्धत आज सर्वत्र गृहीत धरलेली असते, आणि कर्ल किंवा एसएसएचसारखा नेटवर्क प्रोग्राम आपल्या सिस्टीमवर आणायचे असेल तर ती अर्धीमुर्धी असून भागत नाही. लहान स्टॅक सॉकेटची फंक्शने देतात, पण त्यांचे सॉकेटक्रमांक स्वतःच्या तक्त्यातले असतात. आपल्या कर्नेलच्या फाइल डिस्क्रिप्टरशी (उघड्या फाइलींना तो देतो त्या क्रमांकांशी) त्यांचा संबंध नसतो. त्यामुळे एकाच ‘सिलेक्ट’मध्ये एक पाइप आणि एक सॉकेट घालून वाट पाहता येत नाही. टर्मिनलवर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नेटवर्क प्रोग्रामला नेमके हेच करायचे असते. हा सांधा आपल्यालाच लिहावा लागतो. आमच्या चार महिन्यांतले दोन इथेच गेले.

ड्रायव्हर हा प्रश्न स्टॅकपासून वेगळा ठेवावा. हायकू या सिस्टीमने स्टॅक स्वतःचा ठेवला आणि कार्डांचे ड्रायव्हर मात्र एक जुळवणीचा थर लिहून फ्रीबीएसडीकडून घेतले. ड्रायव्हर फार आणि माणसे थोडी असतील तेव्हा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

उमेदवार

लहान किंवा मध्यम सिस्टीमसाठी पहिले नाव एलडब्ल्यूआयपीचे घ्यावे लागते. तोही डंकेल्स यांचाच, स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये सुरू झालेला. सुमारे ४० किलोबाइट कोड आणि काही दशक किलोबाइट रॅम एवढ्यावर तो चालतो, आणि कर्नेलकडून तो सेमाफोर, मेलबॉक्स, थ्रेड आणि घड्याळ एवढेच मागतो. रिॲक्टओएस या सिस्टीमने आपला जुना बीएसडी-वंशाचा स्टॅक सोडून तो घेतला, मिनिक्स ३ ने घेतला, हर्डमध्येही तो आला. त्याच्या उणिवाही माहीत असाव्यात. त्याचा टीसीपीचा संथ टायमर ५०० मिलिसेकंदांचा आहे, त्यामुळे पुन्हा पाठवण्याची वेळ त्याहून बारीक मोजता येत नाही.

फ्रीबीएसडीचा स्टॅक पूर्ण वाढीचा आहे आणि त्याच्या वागण्याबद्दल शंका उरत नाही. पण तो एकटा येत नाही. लॉक, टायमर, कामाच्या रांगा, मेमरीचे वाटप, सेटिंगांची झाडे असा सगळा संसार बरोबर आणतो. आरटीईएमएस या सिस्टीमने त्यासाठी एक स्वतंत्र लायब्ररीच सांभाळली आहे, जिच्यात फ्रीबीएसडीचा कोड जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि भोवतीचा कर्नेल असल्याचा आभास तयार केला जातो. नेटबीएसडीच्या रंप कर्नेलमागेही हाच विचार आहे. दोन-तीन माणसांच्या गटाने हा मार्ग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे; दहा जणांच्या, रोज काम करणाऱ्या गटाने जरूर घ्यावा.

कर्नेल रस्टमध्ये असेल तर स्मॉलटीसीपी आधी पाहावा. रेडॉक्स या सिस्टीमने तोच घेतला आहे, आणि हीप (धावताना मागून घ्यायची मेमरी) नसतानाही तो चालतो. पिकोटीसीपीची रचना नीटनेटकी आहे, फक्त त्याचा परवाना आधी वाचावा. स्वतःच स्टॅक लिहिणे हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे, आणि एआरपी, आयपी व यूडीपी एका सुट्टीत लिहून होतात. टीसीपी होत नाही. १९८६ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या जेमतेम चारशे यार्डांच्या वाटेवर वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर घसरला होता, तेव्हा नियमावली वाचून लिहिलेले स्टॅकच दोन्ही टोकांना होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये जो गर्दी-नियंत्रणाचा उपाय मांडला तो ७९३ मध्ये कुठेच नव्हता. वाचून लिहिलेला टीसीपी आणि भोगून सुधारलेला टीसीपी यांत एवढे अंतर असते.

परवान्याबद्दल थोडक्यात: एलडब्ल्यूआयपी आणि फ्रीबीएसडी बीएसडी परवान्यावर, स्मॉलटीसीपी त्याहूनही सैल अशा झीरो-क्लॉज बीएसडीवर, तर लिनक्सचा स्टॅक जीपीएल २ वर आणि पिकोटीसीपीही जीपीएलवरच आहे. आपला कर्नेल एमआयटी परवान्यावर ठेवायचा असेल तर जीपीएलचा कोड त्यात मिसळल्यावर एकत्रित वितरण जीपीएलच्या अटींवरच करावे लागते. आणि आपला कर्नेल जीपीएल ३ वर असेल, तर केवळ जीपीएल २ वर दिलेला कोड त्यात मिसळता येत नाही. हे पहिल्या दिवशी ठरवावे, पोर्ट झाल्यावर नव्हे.

दुरुस्त्या कोण आणणार

डिसेंबर २०२० मध्ये फोरस्काउट या कंपनीच्या संशोधकांनी यूआयपी, एफनेट, पिकोटीसीपी आणि नटनेट या चार मुक्तस्रोत स्टॅकमधल्या ३३ त्रुटी ‘ॲम्नेशिया:३३’ या नावाने जाहीर केल्या. त्रुटी सापडणे नवे नाही; अवघड भाग असा की हे स्टॅक असंख्य उपकरणांत कोणी ना कोणी कधीतरी नक्कल करून घेतले होते, त्यांत आपापले बदल केले होते, आणि मूळ दुरुस्ती तिथपर्यंत पोचण्याची वाटच उरली नव्हती. हर्डचा जुना स्टॅकही असाच लिनक्सच्या एका जुन्या आवृत्तीतून घेतलेला होता, आणि लिनक्स पुढे निघून गेले तरी तो तिथेच राहिला.

म्हणून आणलेल्या स्टॅकची मूळ प्रत एका वेगळ्या डिरेक्टरीत ठेवावी आणि तिच्यातल्या एकाही ओळीला हात लावू नये. आपला सांध्याचा कोड तिच्या बाहेर असावा. मूळ कोडमध्ये बदल करावाच लागला तर तो स्वतंत्र पॅच म्हणून, कारणासह ठेवावा आणि वर मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. निवड करण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे: स्टॅकची वर्षभरापूर्वीची आवृत्ती पोर्ट करावी आणि मग तिच्या जागी आजची ठेवावी. एका संध्याकाळी हे झाले तर सांधा बरा आहे. आठवडा लागला, तर पुढच्या प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीला आठवडा लागणार हे धरून चालावे.

तपासणी

जवळजवळ सगळे जण क्यूएमू या आभासी संगणकात सुरुवात करतात, आणि तिथे एक सापळा आहे. क्यूएमूच्या सोप्या, परवानगी न मागणाऱ्या नेटवर्कमध्ये आपल्या सिस्टीमला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि वेबपान उतरवताही येते. परंतु आपली टीसीपी जोडणी त्या वेबसर्व्हरपर्यंत गेलेलीच नसते. ती क्यूएमूच्या आतच असलेल्या एका छोट्या स्टॅकशी होते, आणि पुढची जोडणी यजमान संगणक स्वतःची करतो. बाहेर पॅकेट हरवले, उशिरा आले, उलटसुलट आले, तरी आपल्या स्टॅकला त्याची झळ लागत नाही. या नेटवर्कवर महिनाभर बिनचूक चाललेला स्टॅक खऱ्या तारेवर पहिल्या दिवशी अडखळतो तो यामुळे. पिंग आणि डीएचसीपीपर्यंत ही सोय वापरावी, टीसीपीसाठी मात्र टॅप इंटरफेस (यजमानावरचे आभासी नेटवर्क कार्ड) घ्यावा आणि यजमान लिनक्सवर नेटेम (मुद्दाम बिघाड घडवणारी सोय) लावून ४० मिलिसेकंद विलंब, शंभरात एक पॅकेट गहाळ, आणि काही पॅकेट मागे-पुढे, असे हवामान तयार करावे. त्यात दहा मेगाबाइटची फाइल दोन्ही दिशांना पाठवून दोन्ही टोकांना तिचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) जुळवावा.

वायरशार्क यजमान संगणकावर पाहताना त्याच संगणकाने पाठवलेल्या पॅकेटचा चेकसम (बिघाड ओळखण्यासाठीची बेरीज) चुकीचा दिसला तर घाबरू नये. तो बहुधा पुढे कार्ड भरणार असते आणि वायरशार्कने पॅकेट त्याआधीच टिपलेले असते. आपल्या सिस्टीमकडून आलेल्या पॅकेटचा चेकसम चुकीचा दिसला तर मात्र तो खरोखर चुकीचा आहे का हे शोधावे.

त्यानंतर घरच्या जोडणीवर चाचणी घ्यावी. अनेक घरगुती फायबर जोडण्या पीपीपीओईवर चालतात, आणि तिथे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० नसून १४९२ असतो. आयसीएमपीचा ‘पॅकेट फार मोठे’ हा निरोप जो स्टॅक ऐकत नाही, त्याची जोडणी होते, छोटी पाने उघडतात, आणि मोठी फाइल चढवायला घेतली की सगळे थिजते. अनेक राउटर सेगमेंटचा आकार वाटेतच कापून हा दोष झाकतात, म्हणून एकदा राउटरची ती सोय बंद करून पाहावी.

शेवटची चाचणी सर्वांत गावठी आहे, पण ती कधी टाळू नये. फाइल जात असताना पलीकडच्या यंत्राचा प्लग ओढून काढावा. जोडणी संपल्याचे कोणतेही पॅकेट येणार नाही. आपला स्टॅक किती वेळ पुन्हा पाठवत राहतो, शेवटी ॲप्लिकेशनला चूक कळवतो का, आणि त्या जोडणीची मेमरी परत येते का, हे पाहावे. मग ते यंत्र सुरू करून पुन्हा जोडणी करावी, आणि हे वीस वेळा करावे. आमची मेमरी दर वेळी दोन पीबफनी कमी होत होती. अकराव्या वेळी यंत्राने नवे पॅकेट घेणे थांबवले. चूक स्टॅकची नव्हती, आमच्या ड्रायव्हरची होती, पण एरवी ती महिनोन्‌महिने सापडली नसती.

या सगळ्यातून पार झालेला स्टॅक मुख्य शाखेत घेतला की जुना त्याच दिवशी काढून टाकावा. आम्ही तो ‘असू दे, लागला तर’ म्हणून बिल्डच्या एका पर्यायामागे ठेवला होता. आठ महिन्यांनी एकाने सहज तो पर्याय लावून पाहिला, तर तो कम्पाइलसुद्धा झाला नाही, आणि मधल्या काळात त्याच्यासाठी सांध्यात ठेवलेल्या अटी मात्र आम्ही प्रत्येक बदलात जपत आलो होतो.